माझाच हात, माझ्याच माणसावर

माझ्या यजमानांच्या डाव्या दंडावर अकरा टाक्यांचा व्रण आहे. तो माझ्या कात्रीचा आहे. कात्री माझ्याच हातात होती, आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

हे आधीच लिहून टाकलं. मागाहून लिहीन म्हटलं असतं तर मी स्वतःला सांभाळून घेतलं असतं, आणि मग ह्या लिहिण्याचा कुणाला उपयोग झाला नसता. एखाद्या घरात चांगली शहाणी बाई किंवा शांत माणूस अचानक अंगावर धावून जायला लागलेला असतो, हात आणि तोंड झटके देत असतं, आणि डॉक्टर म्हणतात की आता हे वाढतच जाणार. त्या घरासाठी मी लिहितेय.

मी शोभा. वय त्रेपन्न. लोणंदला स्टेशनच्या रस्त्यावर माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता एका कंपनीच्या गेटवर असतात. सगळी गल्ली त्यांना हवालदार म्हणते, इथं मीही तेच म्हणते. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मुलगी पल्लवी लग्न होऊन पुण्याला.

पहिला झटका

दुकानात टेबलावर कापड पसरून गळा कापत होते. कुणीतरी कोपराला लाथ घालावी तसा उजवा हात उडाला. त्याच वेळी तोंडाची उजवी बाजू कानाकडे खेचली गेली. दोन सेकंद, फार तर तीन. मग सगळं जागच्या जागी. कात्री मात्र कापडाच्या छातीवरून आडवी गेली होती. समोर बसलेली गिऱ्हाईक बाई म्हणाली, "आवं शोभाताई, मला वेडावून दावताय व्हय?"

मी हसले. शीर आखडली असेल म्हटलं.

आठवड्याभरात दिवसाला दहा-वीस झाले, महिन्याभरात मोजणं सुटलं. हातातला कप भिंतीवर जायचा. पोळी तव्यावरून उडायची. कुणी मोठ्यानं हाक मारली, दार आपटलं, की हमखास. एकदा झटका पायातही उतरला आणि मी ओट्याच्या कडेवर तोंडावर पडले. पुढचा दात तुटला, ओठ फाटला, नवी साडी रक्तानं भिजली. गावातल्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, ताकदीची इंजेक्शनं दिली, टेन्शन घेऊ नका म्हणाले.

मग मापं विसरायला लागले. ज्या बायकांचे ब्लाऊज मी वीस वर्षं शिवले, ज्यांना नुसतं बघून मी छातीचं माप सांगायची, त्यांची नावं मला सापडेनात. गॅस चालूच राहायचा. आणि इथून पुढचं मला नीट आठवत नाही. मधूनमधून एखादा तुकडा आहे, बाकी सगळं हवालदारांनी आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं सांगितलेलं. साधारण पाच महिने माझ्या आयुष्यातून गेलेले आहेत. त्या पाच महिन्यांत माझ्या अंगात जी बाई वावरत होती, तिची ओळख मला लोकांकडून करून घ्यावी लागली.

चहा

हवालदारांनी सकाळी चहा टाकला होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "तू ह्यात काय टाकलंस?"

तू. तीस वर्षांत मी त्यांना अहो-जाहोच केलं होतं. ते पुढे म्हणाले, "त्या तू म्हणण्यानंच मला कळलं की ही शोभा न्हवं."

"साखर टाकलीया. काय टाकणार?"

"खोटं बोलतोस. माझ्या मरणावर टपलाईस."

मी उकळतं पातेलं उचललं आणि त्यांच्या छातीवर फेकलं. त्यांनी बनियन घातलेला होता. कापड कातडीला चिकटलं, काढताना कातडीसकट निघालं. अंगावर पाणी ओतून घेता घेता त्यांनी मला विचारलं, "तुझा हात भाजला का बघ." त्यावर मी त्यांच्या तोंडात मारली. एकदा नाही. थकेपर्यंत.

कात्रीचा प्रसंग त्यानंतर पंधरा दिवसांनी. दुकान बंद करायला ते आले होते. मी आत खुर्चीत बसले होते, समोर आरशात बघत. त्यांनी खांद्यावर हात ठेवून "चल" म्हटलं, आणि मी वळून कात्री दंडात घातली. घातली आणि ओढली. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की मळ्यात तारेला अडकलो. कंपनीत सांगितलं, गाडीवरनं पडलो. एवढा उंचापुरा फौजी माणूस, बायको मारते हे सांगायची लाज वाटली असेल, असं मी नंतर म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "लाज कसली? खरं सांगितलं असतं तर तुला नेली असती."

साताऱ्याचा निकाल

साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे मेंदूचा फोटो काढला. त्यांनी मला चालवून बघितलं, बोटं उघडझाप करायला लावली, आजचा वार विचारला. वार मला सांगता आला नाही. त्यांनी हवालदारांना सांगितलं की मेंदूच्या पेशी झिजत चालल्या आहेत, कंपवाताच्या कुळातला पण त्याहून वाईट आजार आहे, आधी हात जातो, मग चालणं, मग डोकं. इथं डोकं लवकर गेलंय.

"म्हंजे औषध?"

"त्रास कमी करायला देतो. आजाराला औषध नाही."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. तीन. सांभाळा त्यांना."

हे ऐकताना मी हसत होते म्हणे. मग टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून डॉक्टरांच्या दिशेनं भिरकावला. तो त्यांच्या कानाजवळून मागच्या कपाटावर गेला आणि सगळी काच खाली आली. बाहेरच्या बाकांवर बसलेले पेशंट उठून पळाले.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी मला जेवढा वेळ बघितलं तेवढ्यात मला एकही झटका आला नव्हता. आला असता तरी तो दोन सेकंदांचा. आणि समोरची बाई काचा फोडतेय म्हटल्यावर तिच्या गालाकडे कोण बघत बसणार?

कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या. काडीचा फरक पडला नाही.

दावं

हवालदारांना कामावर जावंच लागायचं. त्या वेळात माझा धाकटा दीर संपत आणि त्याची बायको माझ्याकडे बघायचे. आमची घरं एकाच अंगणात. एके दिवशी दुपारी मी वरवंटा घेऊन संपतच्या बायकोच्या मागे लागले. ती मोरीत शिरली आणि आतून कडी लावली. मी वरवंट्यानं दार फोडायला घेतलं. फळी फुटून आत पडली, तिच्या पायाचं बोट चेचलं.

संपत गोठ्यातनं बैलाचं दावं घेऊन आला. मला पाडलं, छातीवर गुडघा दिला, आणि पलंगाच्या लोखंडी पायाला दोन्ही हात बांधले. मी सोडवून घेण्यासाठी एवढे हिसके देत होते की मनगटाची सालं निघाली. हा एक तुकडा मला आठवतो. दाव्याचा शेणाचा वास, आणि माझी स्वतःची किंकाळी दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटणं.

हवालदार घरी आले. मला बघितलं. आधी दावं सोडलं आणि मग बाहेर जाऊन संपतच्या तोंडावर बुक्की मारली. संपतचं नाक फुटलं. दोघं अंगणात मातीत लोळले. संपत ओरडत होता, "दादा, माझ्या बायकूला मारून टाकली आसती तिनं! माझ्या घरात लेकरं हायती! वेड्याच्या दवाखान्यात टाक तिला, न्हाईतर मी घर सोडतो!"

हवालदार म्हणाले, "तू कशाला सोडतोस? आमी जातो."

संपत वाईट माणूस नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही दावंच आणलं असतं.

हवालदारांनी अक्काला फोन केला. अक्का कवठे महांकाळजवळच्या गावात असते. तिनं एवढंच विचारलं, "हिंडतीया फिरतीया का?" आणि म्हणाली, "घिऊन ये माझ्याकडं. मिरजंला उतर, मी फलाटावर येते."

रेल्वेत

लोणंदहून मिरजेला दिवसाची गाडी पकडली. मी खिडकीशी, ते बाजूला. कराडपर्यंत मी गप्प होते. भिलवडी गेलं आणि मी उठले.

मी दाराकडे धावले. दार उघडं होतं, गाडी वेगात होती. हवालदारांनी मागून येऊन एका हातानं माझी कंबर धरली, दुसऱ्या हातात माझे केस आले. मी अर्धी बाहेर. आणि मी ओरडायला लागले, "हा माझा नवरा न्हवं! मला मारतोय! मला ढकलतोय! वाचवा!"

आता डब्यातल्या लोकांच्या जागी स्वतःला ठेवा. एक दांडगा माणूस बाईला केसाला धरून दारात ओढतोय आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडतेय. चारजण धावून आले. त्यांनी हवालदारांना मागून मारायला सुरुवात केली. एकानं कमरेचा पट्टा काढला. एकानं स्टीलचा डबा त्यांच्या भुवईवर घातला, ती फाटली. कुणी बरगडीत लाथ मारली, ती मोडली. लोक शिव्या देत होते, सोड तिला, सोड म्हणत होते. हवालदारांना तोंडानं सांगायला सवड नव्हती आणि मारायला हात मोकळे नव्हते. त्यांनी मला आत ओढलं, खाली पाडलं आणि माझ्यावर पालथे पडून राहिले. लोकांना ते आणखीनच भयंकर दिसलं. मी खालून त्यांच्या खांद्याला चावत होते.

मिरज येईपर्यंत हे चाललं. फलाटावर अक्का उभी होती. अक्का सत्तरीची, नऊवारी नेसणारी, अंगानं काटकी. गर्दीतून ती डब्यात घुसली आणि पट्टा घेतलेल्या माणसाच्या कानाखाली तिनं अशी ठेवून दिली की तो बाकावर बसला.

"मेल्यांनो, त्यो तिला धरतोय रं! मारत न्हाई, धरतोय! डोळं फुटलं का तुमचं?"

पट्टेवाला माणूस नंतर रडत होता, असं अक्का सांगते. त्यानंच आम्हाला रिक्षात घातलं.

तिसरा टाका

दवाखान्यात गेलो ते हवालदारांची भुवई शिवायला. माझ्यासाठी कुणी गेलंच नव्हतं, कारण माझा निकाल साताऱ्यात लागलेला होता. अक्कानं स्वतःच्या पदरानं माझं मनगट तिच्या मनगटाला बांधून ठेवलं होतं आणि आम्ही दोघी समोरच्या बाकावर होतो.

टाके घालणारी डॉक्टर पोरसवदा मुलगी होती. दोन टाके घातले, तिसरा घालताना तिची नजर माझ्यावर गेली आणि हात थांबला. मग तिनं टाका पूर्ण केला, पण बघत माझ्याकडेच होती.

"मावशी," तिनं अक्काला विचारलं, "ह्यांचं तोंड आणि हात असं एकदम उडतंय, हे कधीपासून?"

"सा म्हयनं झालं आसतील बाई. दिसातनं शंभरदा हुतंय."

"उजवीकडेच?"

"व्हय. उजवीकडंच."

"आधी झटके आले की आधी डोकं बिघडलं?"

हवालदार झोपल्या जागेवरून म्हणाले, "आधी झटकं. डोकं मागनं." हा प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारलेला नव्हता.

तिनं परवानगी घेऊन माझं मोबाइलवर चित्रण केलं, वरच्या मोठ्या सरांना पाठवलं आणि माझं रक्त काढायला सांगितलं. रक्त काढताना मी तिच्या हातातली सुई हिसकून तिच्याच पंजात खुपसली. तिनं हात धुतला, पट्टी बांधली आणि पुन्हा रक्त काढायला आली. रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, फार उतरलं होतं. ते झटके आणि हे उतरलेलं मीठ एकत्र बघून मोठे सर स्वतः खाली आले.

त्यांनी मला भरती करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हवालदारांना खोलीत बसवून सांगितलं, "हा झिजेचा आजार असेल असं मला वाटत नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी यंत्रणा असते. कधीकधी तिचा नेम चुकतो आणि ती आपल्याच मेंदूवर हल्ला करते. त्यानं हात उडतात, माणूस विसरतो, संशय घेतो, मारतो. वरून बघितलं तर झिजल्यासारखंच दिसतं. पण पेशी मेलेल्या नसतात, मार खात असतात. हल्ला वेळेत थांबवला तर माणूस परत येतो."

हवालदार म्हणाले, "आपल्याच माणसांनी आपल्या चौकीवर केलेला गोळीबार मी बघितलाय, साहेब. त्यात कुणी गद्दार नसतं. धुकं असतं."

"बरोबर," सर म्हणाले. "आता आपण धुकं हटवू."

खात्रीची रक्ततपासणी बाहेरगावी पाठवली. ती यायला वेळ लागणार होता. सरांनी वाट बघितली नाही.

खाटेवर

स्टेरॉईडची सलाईन सुरू झाली आणि पहिले तीन दिवस मी आणखी बिघडले. हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण अशा वेळी नातेवाईक धीर सोडून पेशंट उचलून घरी नेतात. मी एका नर्सच्या पोटात लाथ घातली. मानेत घातलेली नळी उपसली, तेव्हा रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. माझे हात खाटेला बांधले, पण कापूस गुंडाळून, आणि दर दोन तासांनी सोडून चोळायचे. बांधण्याबांधण्यातही फरक असतो, अक्का म्हणते.

चौथ्या दिवसापासून झटके कमी व्हायला लागले. ती तरुण डॉक्टर सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसायची आणि मोजायची. मग एक यंत्र आणलं. अंगातलं रक्त त्यातून फिरवायचं, त्यातलं बिघडलेलं पिवळं पाणी काढून टाकायचं आणि रक्त परत द्यायचं. एक दिवसाआड असं पाच वेळा. यंत्र चालू असताना हवालदार माझ्या पायाशी उभे असायचे. बरगडी मोडलेल्या माणसाला बसण्यापेक्षा उभं राहणं सोपं.

तपासणीचा निकाल आला. ती डॉक्टर पळतच आली, "पॉझिटिव्ह आलं, काका!"

हवालदारांचं तोंड उतरलं. "पॉझिटिव्ह म्हंजे वाईट न्हवं?"

"ह्या वेळी नाही! ह्या वेळी आपल्याला तेच पाहिजे होतं!"

अक्कानं वॉर्डातल्या सगळ्यांना गुळाचा खडा दिला.

मला नीट आठवायला लागतं ते त्याच्या पुढे. पहिली धड आठवण ही: वॉर्डातल्या मावशी माझे केस विंचरतायत. फिनेलचा वास येतोय. त्या म्हणाल्या, "तुमी शिवणकाम करता न्हवं? माझा हा ब्लाऊज बघा की, काखंत लय काचतोय."

मी वळून बघितलं. "बाही उलटी लावलीय," मी म्हणाले. "पुढची बाजू मागं गेलीय. उसवून बदलून घ्या, काचणार नाही."

मावशींचा हात थांबला. खाटेच्या पायथ्याशी हवालदार होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, ह्या माणसाची भुवई कुणी फोडली?

घरी

बरी झाले म्हणजे काय झालं ते खरं सांगते. झटके गेले ते गेलेच. संशय गेला, हात उठणं गेलं. पण पाच महिने परत आले नाहीत. पल्लवीला दिवस गेल्याचं तिनं मला स्वतः फोनवर सांगितलं होतं, आणि मी तिला घाण शिवी दिली होती. हे मला ती सातव्या महिन्यात पोट घेऊन दारात उभी राहिली तेव्हा कळलं. मी विचारलं, "अगं, हे कधी?" ती दारातच खाली बसली. बाळ झाल्यावर पहिला महिना तिनं मला त्याच्याजवळ एकटं सोडलं नाही. तोंडानं म्हणाली नाही काही. मीही नाही.

संपत आला. त्याचं नाक थोडं वाकडं जुळलंय. मी त्याच्या बायकोच्या पायाला हात लावायला वाकले तर ती मागे सरली, अजून भीती होती. संपत उंबऱ्यावरच बसला आणि म्हणाला, "वहिनी, दावं मीच आणलं हुतं." मी म्हटलं, "बरं केलंत." मग त्यानं चहा मागितला.

गल्लीत मात्र गोष्ट राहिली. निम्म्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडे शिवायला टाकलं. ज्या येतात, त्यांतल्या काही मी कात्री उचलली की अजून एक पाऊल मागे घेतात. मी माप मागच्या बाजूनं घेते, म्हणजे त्यांचं तोंड मला बघावं लागत नाही.

तुमच्या घरात असं काही चालू असेल तर माझं ऐका. झटका दोन सेकंदांचा असतो, डॉक्टरसमोर येईलच असं नाही. मोबाइलवर तो टिपून ठेवा आणि दाखवा. आधी काय सुरू झालं, मग काय, ते लिहून ठेवा. रक्तातलं मीठ तपासायला सांगा. आणि झीज आहे असं सांगितलं तर एकदा तरी तोंडानं विचारा, "साहेब, हे प्रतिकारशक्तीच्या बिघाडानं असू शकतं का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येईल. खरोखर झिजेचे आजार खूप आहेत, आणि त्या घरांची आशा मी उगाच वाढवणार नाही. माझं नशीब वेगळं निघालं. पण विचारा. आणि मारणाऱ्या माणसाजवळ जो उभा असतो, त्याच्याकडेही कुणीतरी बघा. हे मला फार उशिरा कळलं.

आमटी

घरी येऊन आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत हवालदारांनी मला एका शब्दानं काही ऐकवलं नव्हतं. मी विचारलं की "झालं गेलं" म्हणायचे. गोळ्या वेळेवर द्यायचे, तपासणीला मिरजेला न्यायचे, माझ्या पुढ्यातलं ताट उचलायचे. मी त्यांच्या घरातली पाहुणी होते.

एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. मी आमटीत दोनदा मीठ घातलं होतं. अजून होतं असं, घातलेलं आठवत नाही. त्यांनी पहिला घास घेतला, आणि ताट उचलून भिंतीवर फेकलं.

आमटी छतापर्यंत उडाली. वाटी गरगरत माझ्या पायाशी येऊन पडली. ते उभे राहिले, मूठ भिंतीवर मारली, एकदा, दोनदा, बोटांतून रक्त येईपर्यंत, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारची दारं उघडली.

"किती मार खायचा माणसानं? किती? तुला काय, तुला आठवत न्हाई! मला समदं आठवतंय!"

मी भ्याले नाही. कसं सांगू, मला बरं वाटलं. उठून मी त्यांची मूठ धरली. "सांगा मग," मी म्हणाले. "समदं सांगा. म्हंजे दोघांना ठावं असंल."

ते खाली बसले आणि बोलायला लागले. वर मी जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्या दुपारी कळलं. पातेलं, कात्री, संपतच्या बायकोचं बोट. मी काय काय बोलले तेही त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, शिव्यांसकट. शेवटी गाडीतल्या दाराशी आले आणि थांबले.

"पुढं?"

"पुढं न्हाई सांगता येत."

"सांगा."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तू निम्मी भायेर. मी कमरंला धरलेलं. आन् एक वेळ माझा हात सैल झाला, शोभे. आपोआप न्हाई. मी केला. म्हनलं, जाऊं दे. सुटंल ही बी, मी बी. तेवढ्यात मागनं कुनीतरी डब्यानं हानलं, आन् मला शुद्ध आली. परत धरलं." त्यांनी तोंड पुसलं. "त्या लोकांनी मला मारलं, ते बरूबर मारलं."

बाहेर कुणाचं तरी टीव्हीवर काहीतरी चाललं होतं. त्यांच्या बोटांतलं रक्त माझ्या पदराला लागलं होतं. मला त्या क्षणी राग यायला हवा होता का? आला नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की हा माणूस हे पोटात घेऊन नऊ महिने माझ्या पायाशी उभा होता.

"सैल झाला," मी म्हणाले. "सुटला न्हाई न्हवं?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई. सुटला न्हाई."

मग मी बादली आणली, त्यांनी स्टूल घेतलं. वरची आमटी त्यांनी पुसली, खालची मी.